व्याह्यांची बाटली

रुचिराचं लग्न निकेशशी ठरलं आणि गव्हाणहून निकेशचे आईवडील पहिल्यांदाच टिपणिसांच्या घरी आले. निकेशच्या वडिलांनी, महादेवरावांनी, येताना पेढे आणले, फळांची करंडी आणली आणि सोनेरी कागदात गुंडाळलेली एक उंच, जड वस्तू रुचिराच्या वडिलांच्या, कुमाररावांच्या, हातात दिली. कुमाररावांना ते सरबत वाटलं. त्यांनी आभार मानले, ती टेबलावर ठेवली आणि बोलणी पुढे सुरू झाली. पाहुणे गेल्यावर रुचिराच्या आईने, सुनंदाबाईंनी, कागद सोडवला, तर आतून हिरव्या काचेची बाटली निघाली. मानेवर चंदेरी वेष्टण होतं आणि लेबलवर स्पार्कलिंग वाइन असं लिहिलेलं होतं.

नवीन पनवेलच्या त्या घरात आजवर दारूची बाटली आली नव्हती. कोणी शपथ घेतली होती असं नाही, पण तसं वळणच नव्हतं. पाताळगंगेच्या रसायन कारखान्यात कुमाररावांनी सगळी नोकरी केली. कंपनीच्या पार्ट्यांत ते लिंबूपाणी घेऊन बसत आणि शेवटी बाकीच्यांना गाडीतून घरी सोडत. सुनंदाबाईंनी बाटली उचलली, स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलेंडरच्या बाजूला ठेवली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच विचार घोळायला लागला. निकेश चांगला होता. बेलापूरला रुचिराच्याच ऑफिसात होता, शांत आणि कामसू. पण पहिल्याच भेटीत मुलीच्या घरी वाइन आणणारी माणसं एरवी किती पीत असतील? गावाकडच्या हळदी कशा होतात, ते त्यांनी शेजारणींकडून ऐकलं होतं. मांडवाच्या मागे पेट्या लागतात, पहाटेपर्यंत डीजे वाजतो आणि बायका बिचाऱ्या वाढत बसतात. रुचिराला विचारावं, तर ती ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेलेली. आणि फोनवर विचारायचं तरी काय, तुझा सासरा पितो का? विचारायचं राहिलंच.

कुमाररावांच्या मनात मात्र वेगळंच चालू होतं. नोकरीत त्यांचं काम बॉयलर आणि दाबाच्या टाक्या तपासण्याचं. घरातल्या कुकरची रिंग ते वेळ व्हायच्या आत बदलत आणि शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टीही हातात घेऊन बघत. एका दुपारी त्यांनी सहज मोबाइलवर या वाइनबद्दल वाचायला घेतलं. बाटलीच्या आत मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या अडीच-तीन पट दाब असतो, हे वाक्य आलं आणि ते उठलेच. जाड टॉवेल घेतला, ओट्याखालचं दार उघडलं, बाटली अलगद बाहेर काढली आणि न्हाणीघरात बादलीतल्या पाण्यात नेऊन उभी केली.

सुनंदाबाई दारात येऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि अंघोळ कुठे करायची आपण?"

सिलेंडरशेजारी असली वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे, असं कुमाररावांनी गंभीरपणे सांगितलं. शेवटी बाटली बेडरूमच्या कपाटात, स्वेटरांच्या मधोमध आडवी झाली.

आता व्याह्यांना जेवायला बोलावायची पाळी आली. ते करणं भागच होतं. रविवार ठरला, बेत ठरला आणि मग बाटलीचा विषय निघाला. कुमाररावांचं म्हणणं असं की, माणूस एवढ्या हौसेने वस्तू आणतो, ती त्याच्यासमोर उघडली नाही तर त्याला वाटेल आपला मान ठेवला नाही. सुनंदाबाईंना ते पटत नव्हतं, पण खोडताही येईना. लग्नाआधीच मनात अढी नको, एवढं म्हणून त्यांनी मान हलवली. अडचण एकच होती. ती उघडायची कशी, ओतायची किती, प्यायची कशात, यातलं दोघांनाही काही माहीत नव्हतं.

इमारतीच्या तळमजल्यावर अविनाश राहत असे. त्याची अर्धी नोकरी समुद्रावर गेली होती, मोठ्या प्रवासी जहाजांच्या डायनिंग हॉलमध्ये. आता तो कामोठ्याला एका संस्थेत केटरिंग शिकवायचा. कुमाररावांनी त्याला गाठलं आणि आवाज खाली करून सगळी हकीकत सांगितली. अविनाश हसला नाही. सिनेमात बघितलेलं सगळं आधी विसरा, म्हणाला. बाटली हलवायची नाही, बूच उडवायचं नाही, फेस सांडायचा नाही. आणि पाहुण्यांसमोर पहिलाच प्रयोग नको, म्हणून सरावाला एक वेगळी बाटली आणूया.

नवीन पनवेलात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून कुमाररावांनी खरेदीला कामोठ्याचं वाइन शॉप निवडलं. काउंटरवर ते अविनाशच्या पाठीमागे उभे राहिले. बाटली हातात आली आणि वळून बघतात तो मागे विनायक, त्यांच्याच भजनी मंडळातला तबलजी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विनायक म्हणाला की पाहुण्यांसाठी न्यायला आलोय. कुमाररावही म्हणाले की पाहुण्यांसाठीच. त्यावर दोघांनीही अधिक काही विचारलं नाही.

परतताना रिक्षाने भर उन्हात हिसके देत त्यांना अविनाशच्या घरी आणलं. कुमाररावांना इतकी घाई झाली होती की अविनाश फ्रिजमध्ये ठेवू म्हणत असतानाच त्यांनी वेष्टण फाडलं. बुचावर तारेची जाळी बसवलेली होती. तारेचं टोक पिळून जाळी सैल केली आणि ती काढून त्यांनी अंगठा बुचावर ठेवायच्या आत मोठा आवाज झाला. बूच फिरत्या पंख्याला लागून कुठेतरी सोफ्यामागे गेलं. अर्धी बाटली टेबलावरून, अविनाशच्या पायांवरून, गालिच्यावर वाहिली.

अविनाशने शांतपणे फडकं आणलं. कुमारराव ओल्या शर्टात खुर्चीवर बसले आणि काय चुकलं ते स्वतःच सांगू लागले. तापमान जास्त होतं, बाटली हललेली होती आणि बंधन काढताना हात जागेवर नव्हता. कारखान्यात कोणी असं वागलं असतं तर त्याला मी गेटाबाहेर काढलं असतं, असंही म्हणाले.

मग उरलेल्या बाटलीवर शिकवणी झाली. अविनाशने सांगितलं की आधी द्राक्षांची साधी वाइन होते. ती बाटलीत भरतात, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि तोंड बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. तेच हे बुडबुडे. काम झालं की यीस्ट मरून तळाशी बसतं. त्या गाळावर बाटल्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, अंधारात पडून असतात. मग त्या हळूहळू उलट्या करत नेतात, रोज थोडी थोडी फिरवून, म्हणजे गाळ मानेत उतरतो. मान गोठवायची आणि झाकण काढायचं. आतला दाबच गोठलेला गाळ बाहेर फेकून देतो.

कुमारराव उठून उभे राहिले. "म्हणजे दाबानेच साफसफाई," ते म्हणाले. "हे ज्याला सुचलं त्याला भेटायला हवं होतं."

त्यांनी विचारलं की यात सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे असतो. व्हॉल्व्ह नसतो, म्हणून काच जाड, तळ आत वळवलेला आणि वर तारेची जाळी, असं उत्तर मिळालं. स्वस्तातली वाइन मोठ्या पोलादी टाकीत दाबाखाली करतात, हे ऐकून तर त्यांना जुन्या ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. शॅम्पेन म्हणजे फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रदेशातलीच, नाशिकच्या बाटलीला स्पार्कलिंग म्हणायचं, हेही समजलं. लेबलवर ब्रूट लिहिलं असेल तर गोडवा जवळजवळ नाही. ड्राय म्हणजे बिनगोडाची, पण एक्स्ट्रा ड्राय लिहिलं असेल तर ती उलट ब्रूटपेक्षा जरा गोड. हे मात्र कुमाररावांना अजिबात पटलं नाही. असली लेबलं आमच्या तपासणीत पास झाली नसती, म्हणाले.

शेवटी चव. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. आंबट, जिभेला टोचणारी आणि कोल्ड्रिंकसारखी फेसाळ असूनही गोड नाही. दुसऱ्या घोटाला कच्च्या सफरचंदाची आठवण झाली. तिसऱ्याला, गिळून झाल्यावर, सकाळी बेकरीवरून जाताना येतो तसा वास नाकात राहिला. चौथा घोट त्यांनी घेतला नाही. उरलेली थोडीशी पेल्यात घेऊन ते वर गेले.

सुनंदाबाईंनी पेला नाकाजवळ नेला आणि थांबल्या. परत एकदा वास घेतला. अनारशाच्या पिठासारखा वास येतोय, म्हणाल्या. प्यायल्या नाहीत, पण पेला लगेच खालीही ठेवला नाही. बुडबुडे कुठून सुटतात ते पाहत राहिल्या.

रविवारी रुचिरा हैदराबादहून सकाळच्या विमानाने आली. बारा वाजायच्या सुमाराला महादेवराव, त्यांची पत्नी भामाबाई आणि निकेश आले. महादेवराव उंच, काळेसावळे, पांढऱ्या स्वच्छ शर्टातले. त्यांच्या वडिलांची गव्हाणला मिठागरं होती. जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्यावर महादेवरावांनी रेती-विटांचा व्यवसाय काढला आणि पुढे उलव्यात दोन इमारतीही बांधल्या. तरी बोलणं बेताचंच. भामाबाईंनी डबा भरून मांदेली मासळी आणली होती, मीठमसाला लावून. तुमच्या तव्यावर आयत्या वेळी तळते, म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. सुनंदाबाईंना ते आवडलं.

बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये होती आणि आता बर्फाच्या पातेल्यात बसली होती. अविनाशने उंच पेले दिले होते. तळलेली मांदेली ताटात आली, सगळे बसले, तेव्हा कुमाररावांनी बाटली पुसली. महादेवरावांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. कुमाररावांनी अंगठा बुचावर ठेवला आणि जाळी सैल केली, पण काढली नाही. वरून फडकं धरलं, बाटली तिरकी केली. बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने ते बाटलीच फिरवत राहिले. हाताखाली दाब वर ढकलतोय हे त्यांना स्पष्ट कळत होतं. त्यांनी त्याला हळूहळू वाट दिली. झोपेत माणूस सुस्कारा टाकतो तेवढाच आवाज झाला. एक थेंबही सांडला नाही.

रुचिराने टाळ्या वाजवल्या. बाबांना ती असं काही करताना पहिल्यांदाच पाहत होती.

कुमाररावांनी सगळ्यांचे पेले पाव पाव भरले. सगळ्यांनी ते हातात घेतले. मग काहीच झालं नाही. महादेवरावांनी पेला धरून ठेवला. भामाबाईंनी पेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. सुनंदाबाई यजमानीण म्हणून पाहुण्यांनी सुरुवात करावी याची वाट पाहत होत्या. निकेश काही बोलायला गेला, पण वडिलांचा चेहरा बघून गप्प बसला. कुमाररावांना वाटलं, कदाचित वाइन कमी थंड आहे.

शेवटी भामाबाईंनी पेला खाली ठेवला. "वयनी, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हे कोनी पीत नाय. यांनी तर कंदी हातपन लावला नाय."

महादेवराव खाली बघत होते. मग एकेक शब्द शोधत त्यांनी सांगितलं. इमारतीचं काम सुरू झालं, तेव्हा मुंबईचे भागीदार आले होते. त्यांनी प्लॉटवर अशीच बाटली उघडली होती आणि याला शुभ मानतात असं म्हणाले होते. "माझा पोर शिकलेल्या घरात चाललाय," महादेवराव म्हणाले. "मी पेढेच घेऊन आलो असतो, तर तुमाला वाटलं असतं, यांना कायच कळत नाय. म्हनून आनली. तुमी घेत असाल असं वाटलं."

कुमाररावांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. "महादेवराव," ते म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखली ती गेल्या आठवड्यात. तुमच्यासमोर ही नीट उघडता यावी म्हणून."

 मग पहिल्या भामाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. त्यांच्यामागून सुनंदाबाई. निकेशने कपाळाला हात लावला आणि म्हणाला की मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का. अविनाशच्या गालिच्याचं काय झालं ते कुमाररावांनी सांगितलं. विनायक तबलजीचंही सांगितलं. महादेवराव इतके मोकळे हसतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

तरी पेले भरलेले होतेच आणि बुडबुडे वर चढत होते. महादेवरावांनी आपला पेला उन्हासमोर धरला आणि हे येतात कुठून, असं विचारलं. कुमाररावांना तेवढंच हवं होतं. यीस्ट, साखर, कोंडलेला वायू, अंधारात पडलेल्या बाटल्या, रोज थोडी थोडी फिरवणारे हात, सगळं त्यांनी सांगितलं. महादेवराव मध्ये न बोलता ऐकत होते. मिठालापण असंच थांबावं लागतं, ते म्हणाले. वडील आम्हाला उन्हात खाजणाची, खाडीकाठची जमीन पायाने तुडवायला लावायचे, भाकरीच्या पिठासारखी मऊ होईपर्यंत. मग खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि एका कुंडीतून, म्हणजे वाफ्यातून, दुसऱ्या कुंडीत फिरवत न्यायचं. घाई केली की मीठ कडवट व्हायचं. मिठाची पहिली साय धरली की वडील ती बोटाने उचलून जिभेवर ठेवायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. कुमारराव पनवेलला जन्म काढलेले, उरणच्या रस्त्याने हजारदा गेलेले, पण ही मिठागरं चालतात कशी ते त्यांनी आजवर कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी आता एकामागून एक प्रश्न विचारले. जेवण निवत होतं.

इतक्यात सुनंदाबाईंनी मांदेलीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि कोणी सांगितलं नसताना पेला उचलून एक घोट घेतला. सगळे बघायला लागले. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि दुसरा तुकडा घेतला.

"नुसती नाही चांगली लागत," त्या म्हणाल्या. "पण खारं, तळलेलं खाल्ल्यावर तोंड स्वच्छ करते. घेऊन बघा."

भामाबाईंनी आधी नाही नाही म्हटलं, मग ओठांना लावली. त्यांना नाकात झिणझिण्या आल्या. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी मांदेलीबरोबर घेतली आणि बरी हाय, असं कबूल केलं. महादेवरावांनी घेतली नाही. जे इतकी वर्षं केलं नाही ते आता कशाला, म्हणाले आणि आपला पेला निकेशच्या पेल्यात ओतला. कोणी आग्रह केला नाही.

जेवणं झाल्यावर दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या, तेव्हा सुनंदाबाईंनी मनातलं बोलून टाकलं. हळदीच्या रात्रीची मला भीती वाटतेय, असं सरळच म्हणाल्या. भामाबाई भांडं घासायचं थांबल्या.

"मलापन वाटते," त्या म्हणाल्या. "थोरल्या पोरीच्या, मनिषाच्या हळदीला माझा भाऊ मांडवात पडला. पाव्हन्यांसमोर. मी तवाच ठरवलं, पुढल्या हळदीला नाय. पन एकटीनं कोनाला सांगू?"

दोघींनी बाहेर येऊन महादेवरावांना सांगितलं.  गावाला एकदम नाही म्हणणं सोपं नव्हतं. भावकी होती, भागीदार होते, ज्यांच्या घरच्या हळदींना ते जाऊन आले होते तेही होते. मांडवात आणि घरात काही येणार नाही, एवढा शब्द त्यांनी दिला. बाहेर कोणी आपापलं करेल त्याला मी काय करू, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. सुनंदाबाईंना तेवढं पुरलं.

आणि झालंही जवळपास तसंच. हळदीला काही मंडळी गाडीच्या डिकीपाशी दिसत होती, दोघे-तिघे रुसून लवकर गेले. पण मांडव स्वच्छ राहिला. गव्हाणच्या बायका रात्रभर वाढत बसल्या नाहीत. हळदीची गाणी म्हणायला त्यांना वेळ मिळाला आणि दहाच्या आत डीजे बंद झाला. मांडवाच्या एका टोकाला महादेवराव कुमाररावांना घेऊन बसले होते आणि जो येईल त्याला, हे आमचे व्याही, बॉयलरचे साहेब, असं सांगत होते.

रुचिरा आणि निकेश आता उलव्याला राहतात. रुचिरा अधूनमधून रविवारी सगळ्यांना बोलावते. टिपणिसांच्या घरी वर्षाकाठी एक बाटली येते, कुमारराव आणि सुनंदाबाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला. कुमाररावांचा ब्रूटचा हट्ट असतो, कारण त्यात मूळ चव कळते म्हणे. सुनंदाबाईंना एक्स्ट्रा ड्राय आवडते. यंदा त्या स्वतःच कामोठ्याला गेल्या, आपल्याला हवी ती मागून घेतली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे सांभाळून चालव. संध्याकाळी बटाट्याचे काप तळले. कुमाररावांनी बाटली उघडली, लेबल वाचलं आणि नाराजीने मान हलवली. मग दोघं खिडकीपाशी बसून सावकाश प्यायले. कुमाररावांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला, तेव्हा सुनंदाबाईंनी लेबल त्यांच्याकडे फिरवून त्यात ओतली.